सागरतळाचा यात्रिक

फ्रान्स देशाच्या नैऋत्य भागात बोर्दो शहराच्या उत्तरेस सँतांद्रे-द-क्यूबझाक नावाचे एक लहानसे गाव आहे. द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात ११ जून १९१० रोजी झाक-ईव्ह कूस्तो याचा जन्म झाला. पुढे ज्याचे नाव समुद्राशी कायमचे जोडले गेले, त्याच्या जन्मगावातून समुद्र दिसत नाही. बालपणी तो अतिशय अशक्त होता. पोटाच्या विकाराने व रक्तक्षयाने त्याला सदैव घेरलेले असे, आणि या मुलाला श्रमाची कामे करू देऊ नयेत, अशी वैद्यांची सक्त ताकीद होती.

वडील एका धनाढ्य अमेरिकन गृहस्थाच्या पदरी असल्यामुळे १९२० साली हे कुटुंब काही काळ न्यूयॉर्क येथे जाऊन राहिले. तेथील उन्हाळी सुट्टीत दहा वर्षांच्या झाकला व्हरमाँट राज्यातील एका सरोवराकाठच्या मुलांच्या शिबिरात पाठविण्यात आले. शिबिराच्या शिक्षकाची या फ्रेंच मुलावर मर्जी नव्हती. सरोवरात सूर मारण्यासाठी जी फळी बसविलेली होती, तिच्याखाली बुडलेल्या झाडांच्या फांद्यांचा खच पडला होता. तो उपसण्याचे काम त्याने झाकला लावले. काम बहुधा शिक्षा म्हणूनच दिलेले होते. परंतु गढूळ पाण्यात डोळे उघडे ठेवून व श्वास रोखून एकेक फांदी ओढून काढता काढता हा किरकोळ प्रकृतीचा मुलगा बुडी मारण्यात पटाईत झाला. वैद्यांनी निषिद्ध ठरविलेल्या श्रमांनी त्याची प्रकृती बिघडली तर नाहीच, उलट सुधारली.

शाळेच्या अभ्यासात मात्र त्याचे मन रमत नसे. यंत्रे खोलावी, पुन्हा जुळवावी, साठविलेल्या पैशांतून चलत्‌चित्रांचा कॅमेरा विकत घ्यावा आणि त्याचाही पुर्जा न्‌ पुर्जा सुटा करून पाहावा, हा त्याचा छंद. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल त्याला एकदा काढूनही टाकण्यात आले. कडक शिस्तीच्या एका वसतिगृहात रवानगी झाल्यावर कोठे त्याची गाडी रुळावर आली, आणि १९३० साली ब्रेस्ट येथील नौदलाच्या विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला.

नौदलात शिरूनही त्याची दृष्टी समुद्राकडे नव्हती, ती आकाशाकडे होती. त्याला वैमानिक व्हावयाचे होते, आणि ते शिक्षण पुरे होत आले असतानाच १९३६ साली एका रात्री त्याच्या मोटारगाडीला भीषण अपघात झाला. दोन्ही हातांना गंभीर इजा झाली आणि एका हाताची जखम चिघळली. तो हात कापून टाकावा लागेल, असे शस्त्रवैद्यांचे मत पडले. कूस्तोने त्यास संमती दिली नाही. कित्येक महिने बोटे हलविण्याचा सराव करीत त्याने हात वाचविला, परंतु विमानाचे सुकाणू धरण्याचे स्वप्न तेथेच संपले. त्याची नेमणूक भूमध्य समुद्रावरील तूलाँ या बंदरात झाली.

तूलाँ येथे फिलिप तायये नावाचा नौदलाचा अधिकारी त्याचा स्नेही झाला. दुखावलेल्या हातांना पोहण्याचा व्यायाम चांगला, म्हणून त्याने कूस्तोला समुद्रावर नेले आणि पाण्याखाली पाहता यावे म्हणून डोळ्यांना लावावयाचा एक घट्ट चष्मा दिला. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कूस्तोने तो लावून डोके बुडविले. शेवाळाने मढलेले खडक, त्यांच्या आडोशाने हिंडणारे मासे आणि पाण्यातून तिरपी झिरपणारी सूर्यकिरणे त्याला स्वच्छ दिसली. डोके वर काढले तो पुन्हा तीच रस्त्यावरची ट्राम, तेच दिव्यांचे खांब! अवघ्या वीतभर पाण्याच्या आड एक निराळी सृष्टी आहे, आणि आपण इतके दिवस तिच्या पृष्ठभागावरून नुसते ये-जा करीत होतो, ही जाणीव त्याला त्या दिवशी झाली. फ्रेदेरिक द्युमा हा निष्णात मासेमार तरुण लौकरच या दोघांना येऊन मिळाला. १९३७ साली कूस्तोचा विवाह सिमोन मेल्शिओर हिच्याशी झाला. तीही नौदलातील घराण्यात वाढलेली असल्याने समुद्राचे वेड तिला नवे नव्हते.

पाण्याखाली जाणाऱ्या मनुष्याचे शत्रू कोण, असे विचारले तर कोणीही शार्क माशाचे नाव घेईल. कूस्तोला मात्र पहिल्याच वर्षात कळून चुकले की, खरा शत्रू थंडी आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. हवेत जे तापमान सुखावह वाटते, त्याच तापमानाच्या पाण्यात काही वेळाने दात वाजू लागतात, बोटे बधिर होतात आणि शेवटी बुद्धीही मंदावते. हिवाळ्यात तर भूमध्य समुद्रात पंधरा-वीस मिनिटेही काढणे कठीण होई. पाण्याबाहेर आल्यावर शेकोटीजवळ बसूनही अंगातील हुडहुडी जात नसे. लांब अंतर पोहणारे लोक अंगाला चरबी फासतात, म्हणून कूस्तोने तोही प्रयोग करून पाहिला. चरबी पाण्यात धुऊन जाते, मागे तेलाचा पातळ थर तेवढा उरतो, आणि त्याने ऊब मिळणे तर दूरच राहिले, उष्णता अधिकच निघून जाते, असे त्याच्या ध्यानात आले. मद्याच्या घोटाने ऊब येते, ही समजूतही त्याने खोटी ठरविली. मद्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि शरीराच्या गाभ्यातील उष्णता बाहेर पडण्यास वाट मिळते. लोकांच्या तोंडी असलेला एकही उपाय स्वतःच्या अंगावर अनुभवल्यावाचून स्वीकारावयाचा नाही, ही त्याची पद्धत होती.

मग अंग झाकणारा पोशाखच का करू नये? १९३८ साली कूस्तोने स्वतः खटपट करून रबर चढविलेल्या कापडाचा एक पोशाख तयार केला. त्यात थोडी हवा भरली की ती अंगाभोवती राहून ऊब देई. कल्पना उत्तम होती, परंतु पाण्यात उतरताच नवी संकटे उभी राहिली. पोशाखातील हवा त्याला वर ढकली, म्हणून कमरेला शिशाचे वजन अधिक बांधावे लागे. वजन बांधून तो खाली गेला की, पाण्याच्या दाबाने तीच हवा आक्रसे आणि मघाचे योग्य वजन आता फार जड होऊन त्याला तळाकडे खेची. वर येऊ लागले की हवा पुन्हा फुगे आणि वजन अपुरे पडे. शिवाय खाली पाहण्यासाठी तो किंचित ओणवा झाला, तर सारी हवा पायांकडे धावे, आणि बिचारा कूस्तो डोके खाली व पाय वर अशा स्थितीत पाण्यात लोंबकळत राही! हा प्रकार पाहणाऱ्याला हसू आणील, पण खोल पाण्यात एकट्याने असे उलटे टांगले जाणे ही हसण्यासारखी गोष्ट नव्हे.

या साऱ्यामागचे तत्त्व आपण शाळेत शिकतो. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलते. हे आर्किमिडीजने दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. मनुष्याचे शरीर पाण्याहून जवळजवळ ना जड ना हलके असते. छातीत हवा भरली की तो तरंगतो, श्वास सोडला की बहुधा बुडू लागतो. पण त्याच्या अंगावर हवेचा थर असलेला पोशाख चढविला की त्याचे आकारमान वाढते, वजन मात्र फारसे वाढत नाही. मग त्याला खाली जाण्यासाठी शिसे हवे. ते किती, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. समुद्राचे पाणी खारट असल्याने दर लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमने जड असते. म्हणजे ८० लिटर पाणी बाजूस सारणाऱ्या पाणबुड्याला नदीत जे शिसे पुरते, त्याहून सुमारे २ किलोग्रॅम अधिक शिसे त्याला समुद्रात लागते. शिसे कमी पडले तर खाली जाण्याच्या धडपडीतच दम संपतो. जास्त झाले तर तळाशी खेचला गेलेला पाणबुड्या हातपाय मारून स्वतःला वर उचलू पाहतो आणि लौकरच थकतो. दोन्हींच्या मध्ये तो कोठेही तरंगेना आणि बुडेना, असे एक वजन असते. कूस्तो त्या मधल्या बिंदूच्या शोधात होता.

त्या शिशाने एकदा नव्हे, दोनदा त्याचा प्राण वाचविला, हे येथेच सांगितले पाहिजे. श्वास रोखून मारलेल्या बुडीत वेळ फार थोडा मिळतो, म्हणून त्याने युद्धनौकेवरील शस्त्रकारागिराकडून एक श्वसनयंत्र करवून घेतले. प्राणवायूचे छोटे नळकांडे, सोड्याच्या चुन्याचा डबा आणि मोटारसायकलच्या आतील नळीचा तुकडा, एवढीच त्याची सामग्री. शुद्ध प्राणवायू जीवन देतो, परंतु विशिष्ट खोलीखाली दाबाखाली घेतलेला तोच प्राणवायू विष ठरतो, आणि त्याची मर्यादा त्या वेळी नेमकी ठाऊक नव्हती. सुमारे १४ मीटर खोलीवर कूस्तोचे ओठ थरथरू लागले, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकला आणि शुद्ध हरपू लागली. शेवटच्या क्षणी त्याचा हात कमरेच्या शिशाकडे गेला. वजन सुटले आणि तो बुचासारखा वर आला. पुढील वर्षी यंत्रात सुधारणा करून त्याने पुन्हा तीच खोली गाठली. या वेळी झटके अधिक जोराचे होते आणि वजन सोडल्याचे त्याला धड आठवतही नव्हते. नौकेवरच्या मित्रांनी त्याला पाण्यातून ओढून घेतले. शिशाचा पट्टा एका हाताने क्षणार्धात सुटला पाहिजे, हा नियम आज जगातील प्रत्येक पाणबुड्याला पहिल्या दिवशीच शिकवितात. त्या नियमाचे मोल कूस्तोने फार जवळून पाहिले होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, फ्रान्स पराभूत झाला आणि १९४२ च्या नोव्हेंबरात तूलाँच्या बंदरात फ्रेंच आरमाराने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच्या युद्धनौका स्वतःच बुडविल्या. अशा उदास दिवसांत कूस्तो पॅरिसला गेला. सिमोनचे वडील वायूंचा व्यवहार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत अधिकारी होते. त्यांच्या ओळखीने त्याची गाठ एमिल गान्यां या अभियंत्याशी पडली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नसल्याने मोटारी वायूवर चालविण्याचे प्रयत्न चालू होते, आणि इंजिनास हवा तेवढाच वायू हवा तेव्हाच सोडणारी एक लहानशी झडप गान्यांने सिद्ध केली होती. मोटारीला जे चालते ते माणसाला का चालू नये, असा विचार दोघांनी केला. काही आठवड्यांतच पहिले यंत्र तयार झाले.

१९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या गोठविणाऱ्या पाण्यात कूस्तो ते यंत्र लावून उतरला. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले, उभे राहिले की हवा वाया जाऊन भसाभस बुडबुडे सुटत, आणि डोके खाली केले की श्वास घेणे जड जाई. दोघे निराश होऊन मोटारीतून परत निघाले. वाटेत चर्चा करता करता कारण सापडले. श्वास बाहेर सोडण्याची नळी हवा आत घेण्याच्या झडपेहून वेगळ्या पातळीवर होती आणि तेवढ्या वीतभर अंतरातील पाण्याच्या दाबाचा फरक सारा घोटाळा करीत होता. दोन्ही तोंडे एका पातळीवर आणताच दोष नाहीसा झाला.

जून १९४३ मध्ये सुधारलेले यंत्र आगगाडीने बांदोल या किनाऱ्यावरील गावी आले. शत्रूच्या सैनिकांची व जिज्ञासू लोकांची नजर चुकवून कूस्तो, तायये, द्युमा आणि सिमोन एका निर्जन खाडीवर गेले. तीन नळकांडी, झडप, नळ्या व पट्टे मिळून ओझे सुमारे २३ किलोग्रॅमचे होते, आणि वाळूवरून ते नेताना कूस्तो बदकासारखा डुलत चालला होता. पाण्यात शिरताच ते ओझे नाहीसे झाले. सिमोन पृष्ठभागावर तरंगत, काचेतून त्याच्यावर नजर ठेवून होती. प्रसंग पडलाच तर झेप घ्यावी म्हणून द्युमा किनाऱ्यावर अंग शेकून तयार होता. त्याची गरज लागली नाही. कूस्तोने खोल पाण्यात कोलांट्या घेतल्या, उलटा होऊन एका बोटावर उभा राहिला, फुप्फुसांतील हवा किंचित वाढवून अंगुळभर वर आणि किंचित सोडून अंगुळभर खाली जाण्याचा खेळ केला. वजन इतके बिनचूक जुळले होते की श्वास हेच त्याचे सुकाणू झाले. एका गुहेच्या छताला शेवंडी लटकलेल्या दिसल्या, त्या एकेक दोन दोन करून त्याने सिमोनच्या हाती दिल्या. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळी खाडीवरच्या मंडळींना त्या दिवशीचे जेवण फार रुचले असेल, यात नवल नाही. हेच यंत्र पुढे ॲक्वालंग या नावाने जगभर गेले. आज आपल्या मालवण व तारकर्लीच्या समुद्रात प्रवाळ पाहण्यासाठी हौशी पर्यटक पाठीवर जे नळकांडे बांधून उतरतात, ते त्याच यंत्राच्या वंशातले होय.

युद्ध संपल्यावर नौदलाने तूलाँ येथे पाण्याखालील संशोधनासाठी एक पथक उभारले. बुडालेल्या सुरुंगांचा शोध घेण्यासाठी त्यांना गार पाण्यात तासन्‌तास राहावे लागे. पोशाखाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९४६ साली कूस्तो व त्याच्या सोबत्यांनी एक नवा पोशाख सिद्ध केला. त्यात पाणबुड्या आतल्या मुखवट्याच्या कडेने नाकावाटे सोडलेला श्वास भरी आणि डोक्याशी, मनगटांशी व घोट्यांशी बसविलेल्या झडपांतून जादा हवा आपोआप बाहेर पडे. त्यामुळे कोणत्याही खोलीवर पोशाखाचे आकारमान तेच राही आणि शिशाचे गणित बिघडत नसे. ग्रीनलंडच्या हिमखंडांखालीही तो उपयोगी पडला. द्युमाने यापेक्षा साधी युक्ती काढली. फेसाळ रबराचे एक हलके जाकीट त्याने शिवले. त्यात थंड पाण्यात वीसएक मिनिटे निभावे आणि हातपाय मोकळे राहत.

या काळातील प्रत्येक प्रगतीची किंमत कोणीतरी मोजत होते. २७ ऑगस्ट १९४६ रोजी व्होक्लूझच्या प्रसिद्ध झऱ्याचा तळ शोधण्यासाठी कूस्तो व द्युमा एका अंधाऱ्या विवरात उतरले. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर नळकांड्यांत ओढून भरला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. सुमारे ४५ मीटर खोलीवर दोघांचीही बुद्धी झाकोळली. दोरीचे इशारे चुकले आणि केवळ वर उभ्या असलेल्या मोरिस फार्ग याच्या प्रसंगावधानामुळे ते जिवंत परतले. पुढल्या वर्षी हवेवर किती खोल जाता येते, याची परीक्षा सुरू झाली. कूस्तो हातात लोखंडाचा तुकडा धरून त्याच्या वजनाने झपाट्याने उतरला व सुमारे ९० मीटर गाठून परतला. खोलीवर हवेतील नायट्रोजन मद्यासारखी गुंगी आणतो, हे त्याने त्या वेळी अनुभवले. १७ सप्टेंबर १९४७ रोजी फार्ग उतरला. १२० मीटरवर बांधलेल्या फळीवर त्याने सही केली. परंतु त्याला वर ओढून घेतले तेव्हा तोंडातील नळी छातीवर लोंबत होती. बारा तास प्रयत्न करूनही त्याचे प्राण परत आले नाहीत. ज्याने वर्षापूर्वी आपला जीव वाचविला, त्याच्यासाठी आपल्याला काहीच करता आले नाही, हे दुःख कूस्तोला फार झाले.

पोशाखाच्या प्रश्नाचे अधिक सोपे उत्तर मिळाले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास एक वेगळाच विचार मांडला. अंग कोरडे राहिलेच पाहिजे, हा आग्रह का? पोशाख ज्या द्रव्याचा आहे त्यातच वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असले, तर आत थोडे पाणी शिरले तरी बिघडत नाही. अंगाच्या उष्णतेने ते पाणी कोमट होते, आणि ऊब राखण्याचे काम बुडबुडे करतात. निओप्रीन या कृत्रिम रबराचा फेस यासाठी उत्तम ठरला. ब्रॅडनरने त्याचे पेटंट घेऊन धन मिळविले नाही. हाच वेटसूट. कूस्तोच्या लोकांनीही पुढे अशाच पोशाखांत काम केले.

परंतु निसर्गाचा नियम निओप्रीनला सोडीत नाही. समुद्रसपाटीवर वातावरणाचा जो दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब १० मीटर खोलीवर आणि चौपट दाब ३० मीटर खोलीवर असतो. बुडबुड्यांतील वायू त्या मानाने आक्रसतो, जाड पोशाख पातळ होतो, ऊब उणावते आणि वर ढकलणारा जोरही घटतो. १९३८ मध्ये कूस्तोला ज्याने छळले, तेच येथे सौम्य रूपात पुन्हा येते. पुढे निओप्रीनला ताणल्या जाणाऱ्या कापडाची जोड मिळाली आणि अंगाला त्वचेसारखे बसणारे, लवचिक पोशाख निघाले. पूर्वीचे ताठ पोशाख अंगात चढविण्यासाठी आत भुकटी फासावी लागे. नव्या पोशाखांत तो त्रास नाही, आणि खांदे व गुडघे सहज वाकतात. मात्र हे मऊपण बहुधा रबरात अधिक वायू कोंडून साधलेले असते. म्हणून असा पोशाख पृष्ठभागावर अधिक तरंगतो, त्याला शिसे अधिक लागते, आणि खोलीवर तो दबतोही अधिक. लवचिक पोशाख निवडणाऱ्याने एवढ्यावरच थांबता कामा नये. तो काखेत, कमरेच्या खोलगटात व मानेपाशी पोकळ राहिला तर प्रत्येक हालचालीबरोबर आतले कोमट पाणी जाऊन गार पाणी येते. उलट छातीला फार आवळला तर श्वास अपुरा पडतो आणि गळ्याशी फार आवळला तर भोवळ येते.

शिशाचे प्रमाणही दुसऱ्याचे पाहून ठरविता येत नाही. स्थूल मनुष्याला अधिक आणि सडपातळ मनुष्याला कमी शिसे लागते. पुष्कळ वापरलेल्या पोशाखातील बुडबुडे कायमचे चेपतात, म्हणून त्याला नव्याहून कमी पुरते. नळकांड्यातील हवेलासुद्धा वजन असते. २,००० लिटर हवा अडीच किलोग्रॅमच्या आसपास भरते, आणि ती श्वासाबरोबर खर्च होत गेल्याने बुडीच्या शेवटी पाणबुड्या तेवढा हलका होतो. नेमक्या त्याच वेळी त्याला पृष्ठभागाजवळ सावकाश, थांबत थांबत यावयाचे असते. म्हणून जाणते पाणबुडे नव्या पोशाखाची परीक्षा बहुधा रिकामे होत आलेले नळकांडे पाठीवर घेऊन करतात. उभे राहून नेहमीचा श्वास रोखला असता पाणी डोळ्यांच्या रेषेवर यावे आणि श्वास सोडताच शरीर हळूहळू खाली जाऊ लागावे, एवढे शिसे योग्य. नवशिके मात्र खात्रीसाठी एकदोन तुकडे जास्तीच बांधतात आणि मग बुडीभर त्या ओझ्याशी झगडतात.

१९५० साली एका धनिक इंग्रज गृहस्थाने कालिप्सो नावाची जुनी सुरुंगशोधक नौका विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्याने कूस्तोला दिली. तिची डागडुजी करण्यास पैसे हवे होते, आणि त्यासाठी सिमोनने आपले दागिने विकले. कूस्तोपेक्षा तीच या नौकेवर अधिक दिवस राहिली. तांबडा समुद्र, हिंदी महासागर, पुढे अंटार्क्टिका असा या नौकेचा संचार झाला. शांत सागरसृष्टीवरील त्याचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ साली कान येथील सर्वोच्च पारितोषिक व पाठोपाठ अमेरिकेतील ऑस्कर मिळाले. या चित्रपटात एक गोष्ट आहे, ती आज पाहवत नाही. माशांची मोजदाद करण्यासाठी त्याच्या लोकांनी प्रवाळाच्या खडकावर सुरुंग उडविला, आणि देवमाशाच्या जखमी पिलाभोवती जमलेल्या शार्कांना चिडून ठार मारले. समुद्रावर प्रेम करणाऱ्या मनुष्याला त्या वेळी यात काही गैर वाटले नाही.

त्याची दृष्टी बदलली ती वर्षानुवर्षे त्याच जागी पुन्हा पुन्हा उतरल्याने. जेथे एके काळी माशांची दाटी होती, तेथे ओसाड खडक दिसू लागले. १९५७ साली तो मोनॅको येथील सागरविज्ञान संग्रहालयाचा संचालक झाला होता. १९६० साली किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्ये भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत जाहीर होताच त्याने त्याविरुद्ध लोकमत उठविले, आणि तो बेत सोडून द्यावा लागला. माणसे समुद्राच्या तळाशी घर करून राहू शकतील काय, याचाही त्याने शोध घेतला. १९६२ साली मार्सेयजवळ १० मीटर खोलीवर दोघे जण आठवडाभर राहिले. पुढच्या वर्षी सुदानच्या किनाऱ्यानजीक तळावरच्या वसाहतीत काही जण महिनाभर राहिले. १९६५ साली सहा जणांनी १०० मीटर खोलीवर तीन आठवडे काढले. त्यांत त्याचा धाकटा मुलगा फिलिप हाही होता. तेथे नायट्रोजनच्या गुंगीपासून बचाव व्हावा म्हणून हेलियम वायू श्वासात मिसळावा लागे. हेलियम शरीराची उष्णता हवेहून किती तरी लौकर वाहून नेतो, तेव्हा तेथेही जुना शत्रू थंडी होताच. अशा वसाहतींचा खर्च व कष्ट पाहता त्यांतून फारसे निष्पन्न होणार नाही, असे पुढे कूस्तोचे मत झाले आणि त्याने तो नाद सोडला.

१९७३ साली त्याने समुद्राच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. दूरचित्रवाणीवरील त्याच्या मालिकांमुळे तांबडी लोकरी टोपी घातलेला हा कृश मनुष्य घरोघरी ओळखीचा झाला. जून १९७९ मध्ये फिलिपचा लिस्बनजवळ समुद्रविमानाच्या अपघातात मृत्यू झाला, तेव्हा कूस्तोचे वय ६९ वर्षांचे होते. त्या आघातानंतरही त्याने काम थांबविले नाही. अंटार्क्टिकात खाणी खोदू देऊ नयेत, यासाठी त्याने देशोदेशींच्या प्रमुखांच्या भेटी घेतल्या आणि १९९१ साली माद्रिद येथे त्या खंडाच्या रक्षणाचा करार झाला. त्यापूर्वीच, १९९० मध्ये, सिमोनचे निधन झाले होते.

१९९६ च्या जानेवारीत सिंगापूरच्या बंदरात एका मालवाहू तराफ्याचा धक्का लागून कालिप्सो बुडाली. तिला वर काढण्यात आले, पण ती पुन्हा कूस्तोला घेऊन सफरीवर निघाली नाही. २५ जून १९९७ रोजी, ८७ वा वाढदिवस होऊन दोन आठवडे झाले असता, पॅरिस येथे कूस्तोने देह ठेवला. नोत्र-दामच्या मंदिरात प्रार्थना झाल्यावर त्याचे शव सँतांद्रे-द-क्यूबझाकला नेण्यात आले, आणि जेथून समुद्र दिसत नाही त्या गावातील कुटुंबाच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.